कॅनडाचा मसूर रेल्वेत का अडकतो?

उदगीरच्या एका डाळमिल मालकांनी विचारलं आहे: "मुंबईच्या आयातदारामार्फत कॅनडाचा लाल मसूर कंटेनरमधून मागवला. सौद्यात ऑक्टोबरची शिपमेंट होती, माल जहाजावर चढला डिसेंबर सरताना. दर वेळी एकच उत्तर मिळतं, तिकडे रेल्वेचा घोळ आहे. एवढ्या श्रीमंत देशात रेल्वेचा घोळ म्हणजे नक्की काय? की आम्हाला गुंडाळतात? आणि तिथल्या शेतकऱ्याला याचा काही त्रास होतो, की तो आपला पैसे घेऊन मोकळा?"

मी सस्कॅचेवन प्रांतात कडधान्यं साफ करून निर्यात करणाऱ्या कारखान्यांचा माल बंदरापर्यंत पोचवायचं काम करतो. रेल्वेचे डबे मागवायचे, कंटेनर बुक करायचे, जहाजाची तारीख हलली की सगळी मांडणी पुन्हा करायची. थेट सांगायचं तर आयातदार तुम्हाला गुंडाळत नसावा. पण 'रेल्वेचा घोळ' या नावाखाली थंडी, डोंगर, पाऊस, संप, रिकाम्या कंटेनरची टंचाई आणि रेल्वे कंपन्यांचं नफ्याचं गणित असं सगळंच खपवलं जातं. शेतकरीही पैसे घेऊन मोकळा होत नाही. उशीर कोणामुळेही होवो, त्याचा मोठा वाटा शेतकऱ्याच्याच भावातून कापला जातो. आणि तुम्ही घेता तो मसूर गव्हापेक्षाही उघड्यावर आहे, कारण इथले धान्य वाहतुकीचे कायदे गहू डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. हे शेवटचं मला नीट उलगडून सांगायचंय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

अल्बर्टा, सस्कॅचेवन आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत मिळून कॅनडाची प्रेअरी होते. नजर पोचेल तिथपर्यंत सपाट जमीन, एकेका कुटुंबाकडे हजारो एकर. देशातला जवळजवळ सगळा मसूर एकट्या सस्कॅचेवनमध्ये पिकतो. समुद्र मात्र कुठूनच जवळ नाही. सस्कॅचेवनमधल्या सस्काटून शहराहून पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर बंदर रेल्वेने साधारण १,६०० किलोमीटर, आणि वाटेत रॉकी पर्वत. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या शेतकऱ्याचा मका मिसिसिपी नदीतून बार्जवर समुद्राला लागतो. प्रेअरीला तशी नदी नाही. ट्रकने एवढं अंतर, तेही डोंगर ओलांडून, धान्याच्या भावात बसत नाही. निर्यातीचा माल रेल्वेनेच जाणार, त्याला दुसरी वाट नाही.

रेल्वे कंपन्या दोनच. एक कॅनेडियन नॅशनल, म्हणजे सीएन. दुसरी कॅनेडियन पॅसिफिक, म्हणजे सीपी, जी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी सदर्नला जोडून घेऊन सीपीकेसी झाली. दोन कंपन्या म्हणजे स्पर्धा असेल असं लांबून वाटतं. पण एलिव्हेटर, म्हणजे रुळालगतचं ते उंच धान्यकोठार जिथे शेतकरी माल आणून घालतो, बहुधा एकाच कंपनीच्या रुळावर असतं. दुसऱ्या कंपनीचा रूळ तिथून पन्नास किलोमीटरवर असेल नाहीतर दीडशे. रेल्वे कंपनीलाही हे पक्कं ठाऊक असतं की हे गिऱ्हाईक कुठे जात नाही.

१९३० च्या दशकात प्रेअरीवर अशी लाकडी एलिव्हेटर साडेपाच हजारांहून जास्त होती, जवळपास प्रत्येक गावाला एक. आता चारशेच्या आसपास उरली आहेत, काँक्रीटची आणि अवाढव्य. त्यातली मोठी एका दमात शंभराहून जास्त डब्यांची गाडी भरतात. एका हॉपर डब्यात, म्हणजे तळातून रिकाम्या होणाऱ्या धान्याच्या डब्यात, साधारण ९० टन धान्य बसतं, म्हणजे ११२ डब्यांची गाडी दहा हजार टनांची झाली. रेल्वेला अशीच गाडी हवी असते: एकाच ठिकाणी भरायची, एकाच ठिकाणी रिकामी करायची, मध्ये कुठे डबे तोडायचे-जोडायचे नाहीत. अख्खी गाडी भरणाऱ्याला भाड्यात सूट मिळते. गहू आणि कॅनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचं तेलबी, या साच्यात चपखल बसतात.

मसूर, हिरवा वाटाणा, मोहरी, काबुली चणा, पक्ष्यांना घालतात ते कॅनरी सीड ही पिकं बसत नाहीत. एकट्या मसुरात लाल वेगळा, मोठा हिरवा वेगळा, बारीक हिरवा वेगळा. त्यात पुन्हा ग्रेड. कोणाला साफ केलेला मोकळा माल हवा, कोणाला गोणीत, कोणाला फुटबॉल, म्हणजे सोललेला पण न फोडलेला अख्खा मसूर. एकाच जातीचा, एकाच ग्रेडचा दहा हजार टन माल एका जागी गोळा होणं क्वचितच घडतं. मग पंचवीस डबे नाहीतर थेट कंटेनर. रेल्वेच्या लेखी दोन्ही किरकोळ गिऱ्हाइकं.

गंमत अशी की ही पिकं इतकी पसरायला रेल्वेचं भाडंही एक कारण आहे. १८९७ च्या क्रोज नेस्ट पास करारानुसार प्रेअरीच्या धान्याचं भाडं स्वस्तात बांधून दिलं होतं. पुढे दशकानुदशकं तोच 'क्रो रेट' चालला. १९८३ च्या कायद्याने त्याची जागा सरकारी अनुदानाने घेतली आणि १ ऑगस्ट १९९५ ला तेही बंद झालं. जमीनमालकांना एकदाच १.६ अब्ज डॉलरची भरपाई देऊन सरकार बाजूला झालं. टनामागे भाडं एकदम वाढल्यावर शेतकऱ्याने साधा हिशोब केला: एवढं भाडं भरायचंच तर टनाला जास्त पैसे देणारं पीक का लावू नये? मसूर या मातीत १९७० च्या दशकापासूनच रुजत होता. सस्कॅचेवन विद्यापीठात अल स्लिंकर्ड यांनी काढलेलं 'लेअर्ड' वाण १९७८ चं. पण गव्हाच्या पट्ट्यात कडधान्यांनी खरे हातपाय पसरले ते भाडेवाढीनंतर.

डब्यांवरून भांडण तर त्याहून जुनं. १९०२ मध्ये सिंटालुटा नावाच्या गावी शेतकऱ्यांच्या संघटनेने कॅनेडियन पॅसिफिकच्या स्टेशन एजंटला कोर्टात खेचलं, कारण तो डबे एलिव्हेटर कंपन्यांना आधी देत होता आणि शेतकऱ्यांना ताटकळत ठेवत होता. शेतकरी जिंकले. शेतकऱ्याने स्वतः डबा मागवून भरायचा हक्क आजही कायद्यात आहे. फारसा वापरला जात नाही, कारण एकेक डबा भरायच्या जागाच रेल्वेने बंद करत आणल्या आहेत.

आता उशीर कसा होतो ते बघू. हिवाळ्यापासून सुरू करतो.

मालगाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी, आणि डब्याडब्याच्या मध्ये रबरी जोड. उणे २५ अंशाच्या खाली हे रबर आकसतं आणि जोडाजोडातून हवा गळू लागते. गाडी दोन-अडीच किलोमीटर लांब असेल तर शेपटापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही, आणि दाब नसेल तर गाडी सोडता येत नाही. मग गाडी आखूड करावी लागते. इंजिनं तेवढीच, ड्रायव्हर तेवढेच, रूळही तोच, पण दर फेरीला माल कमी. जानेवारीत अशी थंडी दहा दिवस टिकली तर मागचा ढीग उपसायला पुढचे कित्येक आठवडे जातात. आमच्याकडे उणे २५ म्हणजे काही बातमी नव्हे, जानेवारीतला साधा मंगळवार.

डोंगर पार करून माल व्हँकुव्हरला पोचला की तिथे पाऊस. नोव्हेंबर ते मार्च तो तिथे मुक्कामालाच असतो. धान्याचं जहाज भरताना त्याच्या पोटातल्या कोठारांची झाकणं उघडी लागतात, पाऊस आला की भरणं थांबतं. जहाज थांबलं की बंदरावरचं टर्मिनल गच्च भरतं, आणि टर्मिनल भरलं की आलेली गाडी रिकामी होत नाही. गाडी रिकामी झाली नाही की मोकळे डबे प्रेअरीला परतत नाहीत. डबे नाहीत म्हणून सस्कॅचेवनमधलं एलिव्हेटर भरून जातं, आणि मग तिथला मॅनेजर शेतकऱ्याला फोन करून सांगतो की तुमचा जानेवारीचा माल आता मार्चमध्ये आणा. व्हँकुव्हरच्या पावसाने दीड हजार किलोमीटरवरच्या, बर्फाने गोठलेल्या कोरड्या खळ्यावरचा ट्रक असा अडतो.

बंदरातच आणखी एक अरुंद गळा आहे. व्हँकुव्हरची निम्मी धान्य टर्मिनलं खाडीच्या उत्तर किनाऱ्यावर आहेत: कारगिल, रिचर्डसन, आणि २०२० मध्ये सुरू झालेलं जी३. तिथे जाणारी प्रत्येक गाडी थॉर्नटन बोगद्यातून आणि सेकंड नॅरोज या पुलावरून जाते. बोगदा तीन किलोमीटरहून लांब. गाडी गेली की आतला धूर पंख्यांनी बाहेर काढेपर्यंत दुसरी सोडत नाहीत. पुलाचा मधला भाग जहाजासाठी वर उचलावा लागतो, तेवढा वेळ गाड्या उभ्या. नवं टर्मिनल बांधून क्षमता वाढवली तरी वाट तीच.

मोठ्या आपत्तींचं मी थोडक्यात उरकतो, कारण त्या बातम्यांत येतात आणि लोकांना कळतात. नोव्हेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत फ्रेझर खोऱ्याच्या बाजूला दोन्ही कंपन्यांचे रूळ वाहून गेले. त्या डोंगरी टापूत दोघी एकमेकींचे रूळ वापरतात, बंदराकडे जाणाऱ्या गाड्या एकीच्या आणि परतणाऱ्या दुसरीच्या रुळावरून, त्यामुळे एकीचा तुटला की दोघींची पंचाईत. सीपीचा मार्ग आठवड्याभराने खुला झाला, सीएनचा डिसेंबरात. पहिला आठवडा व्हँकुव्हर रेल्वेने देशापासून तुटलं होतं. उत्तरेला हडसन उपसागरावर चर्चिल बंदर आहे, पण तिथली रेल्वे मे २०१७ च्या पुरात वाहून गेली ती २०१८ च्या शेवटीच पुन्हा चालू झाली. शिवाय ते वर्षातले थोडेच महिने बर्फमुक्त असतं. तुमच्या मालासाठी त्याचा विचार करू नका.

शेतकऱ्याच्या खिशातून पैसे कसे जातात हे बघायला २०१३-१४ चं वर्ष पुरेल. त्या हंगामात प्रेअरीवर पिकांचा विक्रम झाला, सुमारे ७६ दशलक्ष टन. हिवाळाही कडक. डबे मिळेनात. बंदरावर जहाजं उभी, जगात गव्हाला भाव बरा, आणि सस्कॅचेवनच्या एलिव्हेटरवर भाव कोसळलेला. बंदरातला भाव आणि गावातला भाव यांच्यातल्या फरकाला इथे 'बेसिस' म्हणतात. साध्या दिवसांत त्यात भाडं, हाताळणी आणि कंपनीचा नफा असतो. एलिव्हेटर भरलेलं असलं की कंपनीला शेतकऱ्याचा माल नकोच असतो, मग ती बेसिस रुंद करून त्याला परतवून लावते. रेल्वे भाडं वाढवत नाही, पावती फाडत नाही, तरी शेतकऱ्याला कमी पैसे मिळतात. सस्कॅचेवन विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड ग्रे यांनी या काळातला शेतकऱ्यांचा तोटा अब्जावधी डॉलरांत मांडला होता. त्यातला बराच पैसा रेल्वेकडेही गेला नाही. ज्यांच्या हातात डबे होते आणि बंदरात विकायची सोय होती, त्या धान्य कंपन्यांकडे तो राहिला. शेतकरी रेल्वेला शिव्या घालतात तेव्हा हे सोयीस्करपणे विसरतात, असं माझं मत.

शेवटी मार्च २०१४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकमासारखा आदेश काढला: दोन्ही कंपन्यांनी आठवड्याला प्रत्येकी पाच लाख टन धान्य हलवायचं, नाहीतर दंड. आकडा गाठायला कंपन्यांनी काय केलं असेल? जिथून लांब आणि भरलेली गाडी पटकन सुटते तिथले डबे वाढवले. थेट व्हँकुव्हर आणि पूर्वेकडच्या मोठ्या सरोवरावरच्या थंडर बे बंदराला. अमेरिकेला जाणारा ओट, छोट्या स्टेशनांवरचा माल, पंचवीस-तीस डब्यांची कडधान्याची ऑर्डर मागे पडली. आदेशात टन मोजायचे होते, कुठला माल ते नव्हतं. मसूरवाल्यांना त्या वर्षी दोनदा मार बसला, आधी टंचाईचा आणि मग उपायाचा.

इथून पुढे तुमच्या कंटेनरकडे येतो.

कडधान्य भारतात दोन वाटांनी येतं. पिवळा वाटाणा आणि बराचसा लाल मसूर मोकळा, हॉपर डब्यांतून बंदरात आणि तिथून बल्क जहाजात. उरलेला कंटेनरमधून. वीस फुटी कंटेनरात साधारण २५ टन मसूर बसतो, म्हणजे एका हॉपरचे चार कंटेनर झाले. छोट्या मिलला कंटेनर सोयीचा: लागेल तेवढा घ्यायचा, ग्रेड वेगळी राहते, माल थेट दारात. पण कॅनडाच्या रेल्वे कायद्याच्या छत्रीतून तो बाहेर राहतो.

पहिली गोष्ट भाड्याची. २००० पासून पश्चिमेच्या धान्यावर दोन्ही रेल्वे कंपन्यांनी वर्षाला एकूण किती महसूल घ्यायचा याला मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे पैसे आले तर ते दंडासह वेस्टर्न ग्रेन्स रिसर्च फाउंडेशन या पीक संशोधनाच्या संस्थेला द्यावे लागतात. ही मर्यादा बंदराकडे जाणाऱ्या हॉपरमधल्या धान्याला लागू आहे. २०१८ च्या सुधारणेत कंटेनरमधलं धान्य त्यातून वगळलं, का तर रेल्वेला कंटेनर सेवा वाढवायची उमेद यावी. भाडं मोकळं झालं. सेवा मी ज्या कारखान्यांसाठी काम करतो त्यांना तरी वाढलेली दिसली नाही.

दुसरी गोष्ट, कंटेनरच्या व्यवहारात रेल्वेचं गिऱ्हाईक बरेचदा आम्ही नसतोच. करार जहाज कंपनी आणि रेल्वे यांच्यात. आम्ही जहाज कंपनीचं गिऱ्हाईक. हॉपर मागवणारा व्यापारी 'कबूल केलेले डबे दिले नाहीत' म्हणून कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सी या सरकारी वाहतूक नियामकाकडे दाद मागू शकतो. लुई ड्रेफस या बड्या धान्य कंपनीने सीएनविरुद्ध तशी तक्रार २०१४ मध्ये जिंकली होती. पण त्या कंपनीकडे वकिलांची फौज आहे. कंटेनरवाला कोणाविरुद्ध जाणार? रेल्वे म्हणते जहाज कंपनीला विचारा, जहाज कंपनी म्हणते रेल्वेला विचारा.

तिसरी गोष्ट संपाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅनडाच्या कामगार कायद्यात एक कलम आहे, ८७.७. बंदर कामगारांचा संप असो की टाळेबंदी, धान्याच्या जहाजांना लागणारी सेवा चालू ठेवावीच लागते. जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या बंदर कामगारांनी १३ दिवस संप केला. गव्हाची बल्क जहाजं भरत राहिली. कंटेनर यार्ड मात्र बंद, आणि त्यातला मसूर, मोहरी, वाटाणा जागच्या जागी. धान्य तेच, शेत तेच, कधी कधी शेतकरीही तोच. डबा बदलला म्हणून संरक्षण गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदरातल्या फोरमन मंडळींना मालकांनी बाहेर ठेवलं तेव्हा पुन्हा तेच.

रेल्वेच्या बंदला तर हे कलमही लागू नाही. २२ ऑगस्ट २०२४ ला सीएन आणि सीपीकेसी दोघींनी एकाच दिवशी टाळेबंदी केली. नऊ हजारांहून जास्त कामगार बाहेर, ऐन कापणीत. सरकारने त्याच दिवशी हस्तक्षेप केला आणि चार-पाच दिवसांत गाड्या सुरू झाल्या, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की फार काही झालं नसेल. पण बंदच्या कितीतरी दिवस आधी रेल्वे नवा माल घेणं थांबवत जाते, म्हणजे गाड्या मध्येच रानात अडकू नयेत. आणि सुरू झाल्यावर सगळं घडीवर यायला आणखी काही आठवडे लागतात. त्यात महिना झाला नाही तोच सप्टेंबरच्या अखेरीस व्हँकुव्हरच्या धान्य टर्मिनल कामगारांचा चार दिवस संप.

आता एका कंटेनरची रोजची कहाणी सांगतो, म्हणजे ऑक्टोबरचा डिसेंबर कसा होतो ते कळेल. रिकामा कंटेनर आशियातून माल घेऊन येतो, व्हँकुव्हरला किंवा टोरंटोकडे खाली होतो. जहाज कंपनीला तो लवकरात लवकर चीनला परत हवा असतो, कारण तिथून इकडे येताना भाडं भरघोस मिळतं. सस्कॅचेवनला पाठवून मसूर भरून आणायचा म्हणजे तिच्या लेखी दोन-तीन आठवड्यांचं नुकसान. २०२१ मध्ये चीनकडून येणारं भाडं गगनाला भिडलं तेव्हा कंटेनर रिकामेच परत जात होते आणि आम्ही हात जोडून उभे. समजा कंटेनर मिळाला, सस्कॅचेवनच्या राजधानीतल्या, रेजायनाच्या यार्डात आला, ट्रकने कारखान्यात आणून भरला. त्याला एक तारीख असते: या दिवसाआधी बंदर तो आत घेणार नाही. आणि दुसरी असते: या दिवसानंतर घेणार नाही. दोन्हींच्या मधली खिडकी चार-पाच दिवसांची. त्या खिडकीचा हिशोब करून आम्ही तो रेल्वेवर चढवतो. गाडी व्हँकुव्हरच्या वाटेवरच्या कॅमलूप्स गावाच्या पलीकडे गेली असताना ईमेल येतो की जहाज सहा दिवस उशिरा येतंय, खिडकी सरकली. आता लवकर पोचलेल्या कंटेनरचं साठवण भाडं आमच्यावर. पुढच्या वेळी आम्ही दोन दिवस उशिरा पाठवतो, तर गाडी थंडीने रेंगाळते आणि जहाज सुटतं. मग पुढचं जहाज. ते भरलेलं असेल तर त्याच्या पुढचं. यात खोटं कोणीच बोलत नसतं, आणि तारीख कोणीच पाळलेली नसते.

शेतकऱ्याच्या बाजूला यात काय घडतं? माल त्याच्याच शेतावरच्या पत्र्याच्या गोल कोठ्यांत पडून राहतो. कंपनीने उचलला नाही तर पैसे नाहीत, आणि एप्रिलआधी खत-बियाण्याचे पैसे भरायचे असतात. मार्चच्या अखेरीस बर्फ वितळू लागलं की गावच्या रस्त्यांवर वजनाची बंदी येते, मग ट्रक अर्धाच भरायचा. मेमध्ये पेरणी, तेव्हा माल न्यायला माणूस नाही. हिरव्या मसुराचं दुखणं आणखी वेगळं. त्याचं साल साठवणीत हळूहळू तपकिरी पडतं. दाणा तसाच, डाळ तशीच, पण ग्रेड उतरते आणि किलोमागचा भाव पडतो. गहू वर्षभर थांबला तर गहूच राहतो. तुमच्या लाल मसुराचं सालच काढायचं असल्याने तुम्हाला याचा चटका कमी. मिश्र डाळीत किंवा उसळीला हिरवा विकणाऱ्यांनी मात्र माल कुठल्या हंगामाचा ते विचारावंच.

रेल्वेची बाजूही ऐका, कारण ती सगळी थाप नाही. कापणी झाली की सगळ्यांनाच ऑक्टोबर ते डिसेंबरात माल न्यायचा असतो, कारण त्यानंतर ऑस्ट्रेलियाचं पीक बाजारात येतं. कंपनी म्हणते, लग्नसराईच्या दोन महिन्यांसाठी वर्षभर रिकामी राहतील एवढी कार्यालयं कोण बांधेल? पैसे लावलेच नाहीत असंही नाही. सरकारी मालकीचे १९७०-८० च्या दशकांतले हॉपर मोडीत निघत होते. सीपीने ५,९०० नवे, आखूड आणि जास्त मालाचे हॉपर घेतले, सीएननेही हजारांनी घेतले. शिवाय पाऊस रेल्वे पाडत नाही. हे सगळं मान्य. माझा आक्षेप वेगळा आहे: डबा उशिरा भरला की माल देणाऱ्याला दंड लगेच लागतो, डबा उशिरा आणला की रेल्वेला तसा आपोआप लागत नाही. २०१८ च्या कायद्याने करारात दोन्ही बाजूंना सारखा लागणारा दंड मागायची मुभा दिली, पण त्यासाठी लवादापर्यंत जावं लागतं. मोठी कंपनी जाते. शंभर माणसांचा कडधान्य कारखाना आपल्या एकमेव रेल्वेशी वैर घेत नाही.

स्पर्धेचा उपाय म्हणून इंटरस्विचिंग आहे. तुमच्या रुळावरच्या कंपनीने ठरलेल्या दरात तुमचे डबे दुसऱ्या कंपनीच्या जंक्शनवर नेऊन द्यायचे. मुळात हे ३० किलोमीटरच्या आतच चालतं. २०१४ मध्ये ते १६० किलोमीटर केलं, २०१७ मध्ये संपलं. सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा दीड वर्षापुरतं दिलं, मार्च २०२५ मध्ये पुन्हा संपलं. लोकांनी प्रत्यक्षात फार वापरलं नाही असं रेल्वे सांगते. खरं आहे. पण दुसरीकडे जाता येतं एवढं कळलं तरी भाड्याच्या बोलणीत सूर बदलतो, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. दीड वर्षात बंद पडणाऱ्या सोयीवर कोणी दीर्घ करार बांधत नाही, तेही आलंच.

शेवटचं, तुमच्या कामाचं. आपल्याकडचं आयात शुल्क आणि इथला रेल्वेचा उशीर एकत्र आले की काय होतं? नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर एका रात्रीत ५० टक्के शुल्क आलं तेव्हा पाण्यावर असलेला मालही सापडला. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्कमुक्त होता. मग १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के लागलं, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या बिल ऑफ लॅडिंगचा, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीचा, माल सुटला. म्हणजे माल कधी विकला याला अर्थ नाही, जहाजावर कधी चढला याला आहे. कॅमलूप्सजवळ गाडी तीन दिवस थांबली की आयातदाराचा सौदा ३० टक्क्यांनी फिरतो. मसुरावर मार्च २०२५ मध्ये १० टक्के लागलं. ते बदलणार अशी कुणकुण लागली की इथे सगळेच डबे मागायला धावतात आणि रांग आणखी लांबते.

तेव्हा सौदा करताना 'ऑक्टोबर शिपमेंट' एवढ्यावर थांबू नका. ती तारीख कारखान्यातून निघायची, रेल्वेवर चढायची की जहाजावर चढायची, हे लिहून घ्या. शुल्क बदललं तर ते कोणी सोसायचं तेही लिहा, बहुतेक छापील करारांत ते खरेदीदारावर असतं. नोव्हेंबर ते मार्चमध्ये निघणाऱ्या मालाला कबूल तारखेवर तीन-चार आठवडे जादा धरून मिलचं नियोजन करा. आणि तेवढ्यासाठी भाव कमी मागा, देतात. चार-पाच मिलवाले एकत्र येऊन बल्क जहाजातला हिस्सा घेऊ शकत असाल तर मुंद्रा किंवा मुंबईच्या आयातदाराला तसं विचारा. त्यात गोणी आणि ग्रेडचा हट्ट सोडावा लागेल, पण बंदर कामगारांचा संप झाला तर तुमचा मसूर निदान गव्हाच्या रांगेत उभा असेल.